पद्मिनी घाट उतरते

कोल्हापूरहून रत्नागिरीला जायला मामांच्या पद्मिनीला किती वेळ लागेल, हे वाटेत मोटारीतलं कळणारे किती भेटतात यावर अवलंबून असतं. गाडी कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. मुंबईतल्या तिच्या काळ्यापिवळ्या बहिणी २०२३ साली कायमच्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून मामा तिला जास्तच पुसतात. दिवे मात्र पुसून लागत नाहीत.

बांबवड्याजवळ आभाळ भरून आलं, मामांनी दिवे लावले आणि थोड्या वेळाने मागचा ट्रकवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ काका, नक्की कुठं वळणार हाय?"

उतरून पाहिलं. डावा इंडिकेटर दिला की मागे तो लागायचाच नाही. त्याच्याऐवजी टेललाइट लुकलुकायचा. दिवे बंद करून ब्रेक दाबला, तर डॅशबोर्ड अंधूक उजळला. म्हणजे ब्रेक लागल्याची बातमी मागच्याला अर्धवट आणि आम्हाला घरपोच.

मामांना त्याचं काही नव्हतं. वळताना ते अजून खिडकीतून हात काढतात. डावीकडे जायचं असलं की तो हात बाहेर गोल फिरवतात. हल्लीची पोरं त्याला टाटा समजून उलट हात करतात.

चहावाला म्हणाला, बल्ब गेला. नवा घातला, तोही तसाच. पंपावरच्या पोराचं मत फ्यूजचं. डबी उघडली, तर एका फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. मामांनी जन्मात सिगारेट ओढलेली नाही, निदान मामीसमोर तसं ठरलेलं आहे. त्यामुळे त्या चांदीवर कुणीच काही बोललं नाही.

मलकापुरात एक म्हातारे इलेक्ट्रिशियन भेटले. त्यांनी आधी फ्यूज पाहिला, मग मामांना. "८ अँपिअरची पट्टी असती ती वितळायसाठीच, सायेब. ही चांदी वितळत न्हाई, मग वायर पेटती." मग बल्बला हातही न लावता त्यांनी हातभर वायर घेतली, एक टोक दिव्याच्या पत्र्याला टेकवलं, दुसरं बंपरच्या बोल्टवर घासून धरलं. इंडिकेटर लख्ख लागला. मामीने मागच्या सीटवरून टाळ्या वाजवल्या.

भानगड अशी, की या गाड्यांत बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायर जाते, पण परतीला वायर नसते. करंट बॉडीच्या पत्र्यातून परततो. वर्षानुवर्षांच्या पावसात दिव्याचा स्क्रू गंजला की ती वाट बंद. मग २१ वॉटच्या ब्रेकमधून निघालेला करंट, दाराला कुलूप बघून शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यासारखा, शेजारच्या ५ वॉटच्या टेललाइटमध्ये उलटा शिरतो आणि पार डॅशबोर्डापर्यंत हिंडून येतो. बल्ब बिचारे फुकट बदलले जातात. म्हाताऱ्याने स्क्रू पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासला, वर एक जादा वायर थेट चासीला मारली. पैसे विचारले तर म्हणाले, "वायरीचं द्या. घासायचं काय घ्यायचं?"

आंबा घाटात धुकं लागलं. पद्मिनीला अजून जुना डायनामो आहे. इंजिन मंद झालं की हेडलाइट पिवळे पडतात, इंजिन घुमलं की पांढरे होतात. हळू जावं तर रस्ता दिसत नाही, दिसावा म्हणून मामा अॅक्सिलरेटर दाबतात, तर मागून "अहो, हळू!" शेवटी खालच्या गिअरमध्ये इंजिन ठणाणा घुमवत, गोगलगायीला ओव्हरटेकची संधी देत आम्ही उतरलो. आवाज कोकणात आमच्या आधी पोचला असावा, कारण साखरप्यात रिक्षावाले वाटच बघत उभे होते. एकाने मागे जाऊन ब्रेक, इंडिकेटर, टेललाइट सगळं लावून पाहिलं. सगळं ठणठणीत. तो जरा हिरमुसला. मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "हॉर्न वाजतो काय हो हिचा?"

मामांनी ऐटीत वाजवला. दोन्ही हेडलाइट गेले.

मामीने डबा उघडला.