केबिनचे कार्यवाह

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात एक गृहस्थ असा असतोच, ज्याला हा उन्हाळा संपायच्या आत पुढच्या उन्हाळ्याची काळजी लागते. राहणार न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास. नोकरी बहुधा आयटीतली. आणि खरी ओळख व्हॉट्सॲपवरच्या एका ओळीची : ‘मंडळी, बुकिंग उघडतंय. किती कुटुंबं धरू?’ शेजारच्या पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी उद्यानांत तळ्याकाठच्या केबिनचं आरक्षण अकरा महिने आधी सुरू होतं. म्हणजे पुढल्या चार जुलैला पोकोनोच्या डोंगरात झोपायचं तर यंदाच्या ऑगस्टच्या सुरुवातीलाच कामाला लागायचं. न्यूयॉर्क राज्यात नऊ महिने, मिशिगनमध्ये सहा, ओंटारियोत पाच महिने आधी आणि तेही सकाळी सातच्या ठोक्याला, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. बायकोचा वाढदिवस फोनला आठवून द्यावा लागतो, तो भाग वेगळा. अशा माणसाला लोक निसर्गवेडा म्हणतात. माझ्या मते ही त्याची चुकीची ओळख आहे. झाडांची नावं त्याला येत नाहीत, पक्ष्यांतला कावळा तेवढा ओळखतो, आणि तळ्यात तो घोट्यापलीकडे उतरत नाही. तो जातिवंत कार्यवाह आहे, आणि केबिन हे त्याला परदेशात सापडलेलं पद आहे.

हाच माणूस ठाण्याला राहिला असता, तर सोसायटीचा सेक्रेटरी झाला असता, गणेशोत्सवात पावतीपुस्तक त्याच्याच काखेत राहिलं असतं, आणि पाण्याच्या टाकीची किल्ली कुणाकडे यावरून त्याने दोन सर्वसाधारण सभा गाजवल्या असत्या. इकडे सोसायटीचा कारभार पगारी कंपनी बघते आणि महाराष्ट्र मंडळाला कार्यवाह लागतो एकच. बाकीच्या गुणी माणसांनी करायचं काय? नेमकी इथे उद्यानखात्याची नियमावली त्यांच्या मदतीला धावून येते. पेनसिल्व्हेनियातल्या ‘कॅम्पिंग कॉटेज’ नावाच्या छोट्या लाकडी खोलीत पाच माणसं झोपतात. आपलं कुटुंब चौघांचं, शिवाय उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा; म्हणजे सहा. या एका जादा माणसातून एक्सेलचा जो तक्ता जन्माला येतो, त्यात कोणाची आजी कोणत्या केबिनमध्ये, वरच्या बंकवर कोण चढणार, घोरणारे कुठे आणि कोणाच्या गुडघ्यांना न्हाणीघर किती पावलांवर हवं, इथपर्यंत सगळं असतं. आजींचं तिकीट निघालेलं नसतं, व्हिसाचाही पत्ता नसतो, पण त्यांच्या पुढल्या वर्षीच्या गुडघ्यांची सोय झालेली असते. पुढल्या वर्षीचं कालनिर्णय अजून भिंतीवर आलेलं नसतं, तरी त्या शनिवारी संकष्टी पडते का, हे याने शोधून ठेवलेलं असतं. पडत असेल तर साबुदाण्याचा रकाना वेगळा.

अन्नाच्या बाबतीत तर त्याचा कोणी हात धरू शकत नाही. या कॉटेजमध्ये आत स्वयंपाक करायचा नसतो. बाहेर एक लाकडी टेबल आणि लोखंडी कड्याची चूल, एवढाच संसार. त्यामुळे शुक्रवारी रात्री दडपे पोहे, कारण गॅस लागत नाही. शनिवारी सकाळी मिसळ, कट घरून गोठवून आणलेला, जो कूलरमध्ये बर्फाचंही काम करतो. रविवारी भाजणीची थालीपिठं. हा गोठवलेला कट मला या माणसाच्या बुद्धीचा कळस वाटतो. मग येतं अस्वलांचं कलम. त्या डोंगरांत काळी अस्वलं खरोखरच आहेत, आणि वास येईल अशी कोणतीही वस्तू रात्री उघड्यावर ठेवू नये, ती गाडीत बंद करावी, असा दंडक आहे. कार्यवाह बॅटरी घेऊन फिरतात. टूथपेस्ट, सनस्क्रीन, उरलेलं श्रीखंड गाडीच्या डिकीत जातं. शेवटी ते आजींच्या उशाशी येतात. तिथे रुमालात बांधलेले चार डिंकाचे लाडू आणि हिंगाची डबी निघते. ‘अरे, हिंग कुठलं अस्वल खाणार?’ या बिनतोड प्रश्नावर नियमावलीत उत्तर नसतं, पण डबी डिकीत जातेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : रानात जायचं ते हे सगळं विसरायला ना? तक्ता घेऊन जायचं तर घरचा डेक काय वाईट? आक्षेप ऐकायला गोड आहे, पण तो ज्या रानाबद्दल घेतला जातो त्या रानाचा इतिहास वेगळं सांगतो. पोकोनोतलं प्रॉमिस्ड लँड उद्यान घ्या. तिथलं मूळ जंगल लाकूडतोडीत संपलं. आज दिसतं ते पुन्हा उगवलेलं आहे, आणि तळं बांध घालून अडवलेलं. तळ्याकाठच्या बारा जुन्या केबिन उभारल्या त्या ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’च्या पोरांनी. महामंदीत बेकार झालेल्या तरुणांसाठी १९३३ ते १९४२ अशी चाललेली ही सरकारी योजना. छावण्यांवर शिस्त लष्कराची, महिन्याला ३० डॉलर मिळायचे आणि त्यातले २५ परस्पर घरी जायचे. गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरींबद्दल ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हा हिशेब परका वाटू नये. सांगायचं ते इतकंच की, तो निवांतपणाही कोणीतरी तक्ता आखूनच उभा केलेला आहे. सरपणाचंच बघा. पाचूसारखा हिरवा, ॲशची झाडं पोखरणारा एक किडा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला आणि त्याने कोट्यवधी झाडं मारली. सरपणातून तो गावोगाव पसरतो, म्हणून घरून लाकडं न आणता तिथलीच घ्यावीत असा आग्रह आहे. ‘आमच्या गराजमध्ये ढीग पडलाय, फुकट’ असं म्हणणाऱ्याला कार्यवाह पंधरा मिनिटं झापतात. त्यांचा सूर चुकतो, मुद्दा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि त्यापुढे मला कार्यवाहांची बाजू पूर्ण घेता येत नाही. तक्त्यात ‘मिसळ’ या शब्दापुढे त्यांचं नाव असतं. मोड आलेली मटकी, वाटण, कट गोठवणं आणि तो डबा कूलरच्या तळाशी आडवा बसवणं, हे मात्र घरातल्या बाईने केलेलं असतं. त्या कामाला रकाना नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, ‘त्यांना आवड आहे ना,’ आणि या वाक्यातली धार कार्यवाहांना आजवर लागलेली नाही. एवढं मान्य करून मी म्हणेन की, दोष आखणीचा नाही, अपुऱ्या आखणीचा आहे. आणखी दोन रकाने काढावेत.

राहिला तिसरा आक्षेपक : ‘इतकं काय प्लॅनिंग, आयत्या वेळी निघायचं, जागा मिळतेच’ म्हणणारा. चार जुलैला आयत्या वेळी जागा मिळत नाही. त्याला मिळते, कारण कार्यवाहांनी ‘ऐनवेळी कोणीतरी येतंच’ म्हणून एक केबिन जास्तीची धरलेली असते. हा प्राणी शनिवारी दुपारी सहकुटुंब उगवतो, येताना चिप्सची दोन पाकिटं आणतो, खुर्ची तळ्याकडे तोंड करून टाकतो, आणि मिसळीचा दुसरा वाडगा घेत निसर्गात माणसाने कसं मोकळं असावं ते सांगतो. त्याच्या वाट्याचे एकशे बारा डॉलर कार्यवाहांच्या तक्त्यात सप्टेंबरपर्यंत लाल रंगात असतात. तिसऱ्या आठवणीनंतर शंभर येतात.