थेंब ते थेंबच ना?

नको वहिनी, नको! राहू द्या ती बाटली तुमच्याच हातात. डोळे चोळून चोळून टोमॅटो झालेत माझे, कबूल. पण दुसऱ्याच्या बाटलीतला थेंब आमच्या घरात कुणी घालायचा नाही, असा नियमच केलाय मी आता. का म्हणून काय विचारता! या अशा मेंदीच्या कडेला. तुमच्या जाऊबाई गच्चीवर कपडे वाळत घालताहेत, उगाच त्यांच्या कानावर नको.

भाऊबीजेची गोष्ट. नणंदबाई आलेल्या. ह्यांना त्याच सकाळी सुचलं मागच्या मोकळ्या प्लॉटमधलं गाजरगवत उपटायचं. ते गवत पन्नासच्या दशकात आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं म्हणे. अमेरिकेच्या गव्हातून आलं, असं आमचे मामंजी सांगायचे. आलं ते आलं, ह्यांच्या नाका-डोळ्यांवरच बसलं! दुपारपर्यंत डोळे हे असे सुजलेले, खाजून हैराण. दमा तर कॉलेजपासूनचा आहेच, तुमच्या बंड्यासारखा. खिशात निळा पंप कायमचा.

तर फ्रीजच्या दारात होती नणंदबाईंची बाटली. डोळ्यांचीच होती ना! ह्यांनी घातले दोन-दोन थेंब. मला विचारलं नाही, बहिणीला विचारलं नाही. थेंब ते थेंबच ना?

तासाभरात छातीत मांजर घुरघुरायला लागलं. पंप मारला, पुन्हा मारला. एरवी दोन झटक्यांत मोकळे होतात हो, त्या दिवशी पंप जुमानेचना. ओठ काळसर दिसायला लागले, तशी रिक्षा काढली आणि थेट दवाखाना गाठला. नेब्युलायझर लावला, इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही नवीन औषध घेतलंत?" दोघांनीही माना हलवल्या. मी चकल्या सांगितल्या, फटाक्यांचा धूर सांगितला, गवत सांगितलं. थेंबाचं नाव नाही! डोळ्यात घालतो त्याला औषध कोण म्हणतं, सांगा तुम्हीच.

सकाळी घरी आलो तर नणंदबाई देवघराशी उभ्या. "वहिनी, माझे काचबिंदूचे थेंब इथे कुणी आणून ठेवले?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे.

मग बोलावली आमची मधुरा. हो, बहिणीची मुलगी, बी.फार्म. झालेली, औषधाचं दुकान सांभाळते ती. बाटली उजेडात धरून वाचली आणि कपाळावर हात मारला. टिमोलॉल! म्हणाली, "मावशी, पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनळीतली कुलपं उघडतं, मग नळी सैल पडते. टिमोलॉल त्याच कुलपांत काडी घालून बसतं. वर नळीही आवळतं. आता किल्ली फिरेल कशी?" दमेकऱ्याला हे थेंब देतच नाहीत म्हणे. त्याला काचबिंदू असला तर डॉक्टर वेगळ्या जातीचे थेंब निवडतात. नणंदबाईंना मात्र तेच अमृत. घाबरून त्यांनी बंद करायचे नाहीत, हेही बजावलं तिने.

मी म्हटलं, अगं पण घातले डोळ्यात, छातीत कसे पोचले? तर म्हणे, डोळ्यात मावतं त्याहून एक थेंब मोठा असतो. उरलेलं नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक भोक असतं, तिथून नाकात उतरतं आणि घशात जातं. नाकाच्या अस्तरातून सरळ रक्तात. पोटातून गेलेल्या गोळीला आधी लिव्हरची चौकी लागते, ह्याला तीही नाही. तेव्हा आठवलं वहिनी, हे त्या दुपारी म्हणाले होते, "घशाशी कडू लागतंय." मला वाटलं, मेथीचे लाडू!

अॅलर्जीच्या थेंबांचं ना? तेच तर मीही विचारलं. ओलोपॅटाडीन, किटोटिफेन वगैरे जे खाजेला देतात, त्यांचं आणि पंपाचं काही भांडण नाही. दोन्ही चालतात. क्रोमोग्लायकेट म्हणून एक आहे, ते तर आधी दम्यासाठीच काढलेलं. १९६०च्या दशकात इंग्लंडात रॉजर अल्टुन्यान म्हणून डॉक्टर होता, स्वतः दमेकरी. आधी औषध ओढायचा आणि मग ज्याने दमा उठतो ते मुद्दाम हुंगून बघायचा. स्वतःच्या छातीवर प्रयोग हो! तेच औषध पुढे डोळ्यांच्या बाटलीत आलं.

पण सगळे थेंब असे सोज्वळ नसतात. लाली चटकन घालवणारे असतात ना, नॅफाझोलिनचे? ते रक्तवाहिन्या आवळतात. चार दिवस घातले की सोडल्यावर डोळे आणखी लाल. त्यात निळ्या पंपानेही काहींची छाती धडधडते, मग दोन्हींची बेरीज होऊ शकते. आणि स्टिरॉइडचे थेंब! काय आराम पडतो म्हणून लोक आपापले आणून महिनोन्महिने घालतात. डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. त्यात रोजचा पंप स्टिरॉइडचा असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना तो सांगायचाच आणि छातीच्या डॉक्टरांना थेंब सांगायचे. पण रोजचा पंप मनाने बंद करायचा नाही.

आणखी एक शिकवलं तिने. थेंब घातला की डोळा मिटायचा आणि नाकाशेजारच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, दोनेक मिनिटं. औषध घशाकडे फारसं पळत नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. हे आता सकाळी खुर्चीत बसतात बोट दाबून, मला वाटतं प्राणायाम चाललाय.

बघू तुमची बाटली. चष्मा कुठे गेला... हां, डोक्यावरच आहे. ओलोपॅटाडीन. चांगली आहे की! फोडली कधी? गौरी जेवल्या त्या दिवशी? अहो, परवा तुळशीचं लग्न लागलं! इथे बारीक अक्षरात लिहिलंय बघा, उघडल्यापासून महिनाभरच. टाका ती. नवी आणाल तेव्हा तारीख घाला वर, पेनाने. मीही आज डॉक्टरांना दाखवून माझी माझी आणते.

जाऊबाई उतरल्या वाटतं. पायऱ्या जरा जपूनच उतरतात, नाही का? काय म्हणालात, काचबिंदू? कधीपासून? बाई गं! मग त्यांची बाटली कुठे असते? फ्रीजच्या दारात, ह्याच्या शेजारी?

आणि बंड्याचे डोळे सकाळपासून खाजताहेत, असं मघाशी तुम्हीच म्हणालात ना?

फाटक उघडा वहिनी, मी आत येते.