घाबरट मुलावर विनोदी कादंबरी कशी लिहावी

खारघरजवळच्या ओवे गावातील आणि परिसरातील होतकरू लेखकांसाठी ही नियमावली. अनुभवी लेखकांना गरज नाही. त्यांचे नायक आधीच शूर आहेत.

नियम १. नायक घाबरट आहे हे पहिल्या पानावर मान्य करा आणि शेवटच्या पानापर्यंत त्यावरून हलू नका.

मराठी बालवाङ्मयाला ही सवय नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो. शहर नवं, शाळा नवी, पण त्याचं पोट दुखतं का? छे! तो ‘ट्टॉक’ करतो आणि सायकलवर टांग टाकून चोरांच्या मागे सुटतो. ताम्हणकरांचा गोट्या घ्या, प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे घ्या, सगळे कसे एका पायावर तयार. धडधडीत घाबरणारा आपल्याकडचा मोठा नायक म्हणजे श्याम. पोहायला नको म्हणून लपून बसला, तर आईने झोडपून विहिरीवर पिटाळला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे लिहिलं. गुरुजींच्या मनात आईची माया होती, पण महाराष्ट्रातल्या तमाम काकामंडळींनी त्यातली फक्त छडी लक्षात ठेवली.

नियम २. नायकाला पाचवीत घाला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवी प्राथमिक शाळेत बसवली आहे. भीतीने मात्र तिला अजून हायस्कुलातच ठेवलं आहे. चौथीपर्यंत एकच बाई, एकच वर्ग, आणि आजी कुंपणाबाहेरून ‘बाला, डबा खाल्लास कं?’ म्हणून विचारणार. पाचवीत दर तासाला नवे सर, पेन्सिल जाऊन पेन, आणि त्याच फाटकातून आत शिरणारी, मिसरूड फुटलेली दहावीची मुलं.

नियम ३. भीती नेमकी हवी.

‘त्याला भविष्याची चिंता वाटत होती’ असलं काही लिहू नका. भविष्याची चिंता त्याच्या बापाला असते. पोराची चिंता अशी : हजेरीला म्हणायचं काय? ‘हजर सर’, ‘उपस्थित’ की ‘येस सर’? पुढचा काय म्हणतो ते ऐकून म्हणावं, तर याचं नाव ‘अ’वरून, म्हणजे पहिलं यालाच विचारणार. बरं, ‘येस सर’ म्हणायला तोंड उघडलं आणि समोर बाई निघाल्या तर? मग ‘येस बाई’ म्हणायचं का? माझ्या भाच्याने या एका प्रश्नावर मे महिना काढला. शेवटी नुसता हात वर करायचा असा तोडगा त्यानेच शोधला, आणि मग हात उजवा की डावा यावर जूनचा पहिला आठवडा गेला.

दुसरी भीती संडासाच्या न लागणाऱ्या कडीची. तिच्यावर विनोद करायचा नाही. कित्येक मुलंमुली त्या कडीपायी दिवसभर पाणी पीत नाहीत. हा मजकूर वाचणाऱ्यांत कुणी शाळेचे विश्वस्त असतील, तर त्यांनी कादंबरी राहू द्यावी आणि आधी कडी बसवावी.

नियम ४. गाव नीट वापरा.

ओव्याच्या शेजारी तळोजा कारागृह आहे, त्यामुळे ‘शाळा म्हणजे तुरुंग’ ही उपमा इथे कुणालाही सुचते. म्हणून ती टाळा. मेट्रो घ्या. बेलापूर ते पेंधर ही गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. नायकाला तिची अकराही स्टेशनं सुलट-उलट पाठ असावीत, कारण झोप लागून पुढे गेलो तर काय, याची तयारी त्याने करून ठेवली आहे. तो शाळेत चालत जातो ही गोष्ट वेगळी.

पांडवकड्याचा धबधबाही घ्या. पावसाळ्यात तिथे जायला पोलीस बंदी घालतात, आणि ती मनापासून पाळणारा खारघर परिसरातला एकमेव नागरिक म्हणजे आपला नायक. तिथे वाहून गेलेल्यांच्या बातम्या एकदा काढून वाचा. घाबरट माणूस त्यांत सापडणं कठीण.

नियम ५. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं.

हा नियम माझा नाही, सरकारी आहे. पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो. सरकारने २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत टिपणांसाठी कोरी पानं घातली आणि २०२५-२६ पासून काढून टाकली. घाबरट मुलाच्या दप्तरात मात्र काहीच कमी होत नाही : दोन पेनं, दोन्ही चालली नाहीत तर तिसरं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे, आणि आईचा नंबर चार ठिकाणी लिहिलेला.

नियम ६. काका एकच ठेवा.

‘आमच्या वेळी आम्ही...’ या शब्दांनी सुरू होणारं वाक्य त्यांना कधीही पुरं करू देऊ नका. मी हे कोणाला उद्देशून लिहितो आहे ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

नियम ७. शेवटी त्याला धीट करू नका.

त्याने स्नेहसंमेलनात भाषण ठोकायचं नाही, कुणाला पुरातून वाचवायचं नाही. दिवाळीपर्यंत एवढंच व्हावं : कोणत्या नळाला मधल्या सुट्टीतही पाणी असतं, कोणते सर वही तपासतात आणि कोणते नुसती चाळतात, कोणत्या दाराची कडी लागते, हे अख्ख्या वर्गात एकट्या त्यालाच माहीत असतं, कारण घाबरून घाबरून त्याने सगळं आधीच बघून ठेवलेलं असतं. मग बाकीचे येऊन त्याला हळूच विचारू लागतात. धीट मुलंसुद्धा.

एवढ्यावर थांबा. मोह होईल, पण त्याला मॉनिटर करू नका. बिचारा घाबरेल.