बारमाही पर्जन्य

मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांत पाऊस येतो चार महिने. वाहतात मात्र त्या बाराही महिने. उरलेले आठ महिने काय वाहतं, हे चारचौघांत विचारू नये. कागदावर पावसाचं पाणी वेगळं, मैलापाणी वेगळं. नाल्याला तो कागद कुणी वाचून दाखवलेला नाही.

1974चा जलप्रदूषण कायदा ओढ्या-नाल्यांत घाण सोडू नका, असं बजावतो. साकीनाका-कुर्ल्याकडे तेलाची पिंपं धुतली जातात, ते पाणी मिठीला मिळतं. अर्थात ती नदी आहे, हेच कित्येकांना 26 जुलै 2005ला कळलं. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदी स्वतःच घरोघरी ओळख करून द्यायला आली! जुनी गटारं बिचारी तासाला 25 मिलिमीटरच्या हिशेबाची.

बाकी गाळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काढतातच. तो काठावर वाळत घालतात, फोटो होतात, टक्केवारी जाहीर होते (गाळाची म्हणतोय मी). मग जूनची पहिली सर येते आणि उचलायचा राहिलेला ढीग इमानेइतबारे जागच्या जागी नेऊन ठेवते, तेही विनानिविदा.