पी.टी.चा तास

आमच्या सोसायटीच्या गेटवर बसणारे मामा मूळचे माणदेशातले. नेमणूक एजन्सीमार्फत, ड्युटी बारा तास, पगार साडेतेरा हजार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी दुधाची पिशवी घेऊन आत शिरत होतो, तेव्हा त्यांनी खिशातून चार घड्या घातलेली पगाराची स्लिप काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सायेब, ह्ये पीटी म्हंजे काय? शाळेत पीटीचा तास असायचा, कवायत करून घ्यायचे. हितं कवायत न्हाई, नुसतेच पैसे कापत्यात. दर म्हयन्याला दोनशे, आन् ह्या खेपेला तीनशे."

मी त्यांना सांगितलं, की मामा, ही कवायतच आहे, फक्त ती तुमच्या पगाराची असते. हा व्यवसाय कर. महाराष्ट्रात १९७५च्या कायद्याने आला, रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. राज्यघटनेच्या कलम २७६ने त्याला मर्यादा घातली आहे : एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांच्या वर एक पैसा घ्यायचा नाही. पूर्वी ही मर्यादा २५० होती, १९८८मध्ये घटनादुरुस्ती करून तिच्यावर एक शून्य चढवलं. आता अडीच हजाराला बारांनी भागलं तर पूर्ण भाग जात नाही. मग अकरा महिने दोनशे आणि उरलेले तीनशे फेब्रुवारीत. ज्या महिन्यात दिवस सगळ्यांत कमी, त्याच महिन्यात कापणी सगळ्यांत जास्त. मामांचा पगार हजेरीवर आहे, हे हिशेब मांडणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

आपली करव्यवस्था श्रीमंतांना झुकतं माप देते, असं ऊठसूट म्हणणाऱ्यांनी ही स्लिप जरूर पाहावी. एवढी समता दुसरीकडे कुठे सापडेल? आमच्या चौदाव्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन राहतात. प्लॅस्टिकचा कारखाना आहे, कंपनीत ते डायरेक्टर आहेत. त्यांचा व्यवसाय कर वर्षाला २,५००. मामांचा व्यवसाय कर वर्षाला २,५००. राज्यघटनेने दोघांना एका पंगतीला बसवलंय, एकालाही वाढपी जास्तीचा घास वाढत नाही.

टक्केवारी काढू नये, पण मला ती खोड आहे. मामांच्या वर्षाच्या पगारात अडीच हजार म्हणजे साधारण दीड टक्का. कोटभर कमावणाऱ्या माणसाला तेच पाव टक्क्याचा दहावा हिस्सा. आता जीएसटीचं दरपत्रक उघडा. पैलू पाडलेल्या हिऱ्यावर दर आहे दीड टक्का, कच्च्या हिऱ्यावर पाव टक्का. म्हणजे आमचे मामा म्हणजे अगदी पैलू पाडलेला हिरा, हे सरकारी दरानेच सिद्ध झालं. चेअरमनसाहेब कच्च्या हिऱ्यापेक्षाही दहा पटींनी कच्चे निघाले.

हिऱ्याचा विषय निघालाच आहे, तर १८ जुलै २०२२ हा सोमवार विसरता येत नाही. त्याआधी जूनअखेरीला चंडीगडला जीएसटी परिषदेची बैठक झाली होती, तिचे निर्णय त्या दिवशी लागू झाले. पैलूदार हिऱ्यावरचा कर पाव टक्क्यावरून दीडवर नेला. आणि त्याच दिवशी पाकीटबंद दही, ताक, लस्सी, गूळ, चुरमुरे, पीठ, डाळ यांच्यावर पाच टक्के बसले. हिरा आणि दही एका दिवशी एका रांगेत उभे राहिले. दह्याचा दर जरा जास्त निघाला, एवढंच. सुट्टं घेतलं तर कर नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आणि पंचवीस किलोच्या वरच्या पोत्यालाही नाही! तूरडाळीचं एक किलोचं पाकीट नेणाऱ्याला पाच टक्के आणि तीस किलोची गोणी गाडीच्या डिकीत टाकणाऱ्याला शून्य. मामांनी एकरकमी गोणी घ्यायला काय हरकत होती, असा प्रश्न कुणी विचारला नाही. ब्रेड नसेल तर केक खा, असं जिच्या नावावर सांगतात, ती बाई निदान परदेशातली होती.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमनसाहेब तळमळीने बोलले. "या देशात मूठभर लोक टॅक्स भरतात हो, बाकीचे सगळे फुकटे!" नेमके त्याच वेळी मामा बटाटेवड्यांच्या प्लेट्स वाटत फिरत होते. त्यांना 'करदाते' हा शब्द लागत नाही, कारण ते प्राप्तिकर भरत नाहीत. ते फक्त रात्रपाळीत पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा चहात बुडवून संपवतात. २०२५च्या सप्टेंबरात बिस्किटं पाच टक्क्यांवर आली, त्याआधी ती अठरा टक्क्यांत होती. त्या हिशेबाने पाच रुपयांतले शहात्तर पैसे सरकारला जात होते. शेवटचं बिस्किट कपात तुटून तळाला जातं ना, ते बहुधा तेच.

चेअरमनसाहेब मात्र कर भरतात, अगदी मनापासून भरतात. पगाराने त्यांचं उत्पन्न दोन कोटींच्या वर गेलं, तर वरच्या टप्प्यावर अधिभार-उपकर धरून ३९ टक्के लागतात. म्हणून ते पगार बेताचा घेतात. त्यांच्या सीएने मला एकदा लिफ्टमध्ये ही विद्या समजावली. पगाराला एकच नाव असतं : पगार. तो हातात पडायच्या आधीच कापला जातो. पण पैशाला नाव बदलता आलं, की त्याचा स्वभावच बदलतो. शेअर्स वर्षभर सांभाळून विकले, की त्या पैशाचं नाव दीर्घकालीन भांडवली नफा. पहिले सव्वा लाख माफ, पुढे साडेबारा टक्के, अधिभार-उपकर सगळं लावलं तरी पंधराच्या आत. विकलेच नाहीत, तर कर नाही. पैसे हवेत? शेअर्स तारण ठेवून कर्ज काढा. कर्ज हे उत्पन्न नव्हे. मुरबाडला आंब्याची बाग घेतली, तर तिथला पैसा शेतीचा आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग शेतकरी चौदाव्या मजल्यावर का राहीना.

आणि एचयूएफ! चेअरमनसाहेबांचा मुलगा टोरांटोत, मुलगी बंगळुरात, सख्ख्या भावाशी कोर्टात दावा. पण प्राप्तिकर खात्याच्या दप्तरी हे हिंदू अविभक्त कुटुंब आहे, त्याला स्वतःचं पॅनकार्ड आहे. महाराष्ट्रातली एकत्र कुटुंबपद्धती मोडली म्हणून गळे काढणाऱ्यांनी एकदा सीएच्या कपाटात डोकवावं. तिथे ती सुखाने नांदते आहे.

आपल्याकडे संपत्ती कर होता, हे आता आठवतही नाही. २०१५च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो काढून टाकला. वसुलीची उस्तवारी फार, पदरात पडायचे हजारेक कोटी. त्याऐवजी कोटीच्या वरच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला. वारसांकडून घेतला जाणारा मृत्युकर तर १९८५मध्येच विश्वनाथ प्रताप सिंहांनी असाच निकालात काढला होता. जो कर श्रीमंत माणूस चुकवून चुकवून दमतो, तो वसूल करणं सरकारला परवडत नाही. त्यालाही त्रास, यांनाही त्रास. मामांचे दोनशे रुपये वसूल करायला काहीच त्रास नाही. मामा चुकवायचं म्हणाले तरी चुकवता येत नाहीत.

हे सगळं मी मामांना सांगितलं नाही. लिफ्टमधली विद्या गेटवर सांगून काय करायचं? मी एवढंच म्हणालो, की मामा, चौदाव्या मजल्यावरच्या साहेबांनाही वर्षाला अडीच हजारच पडतात, तुमच्याइतकेच.

"त्यास्नीबी?" मामांनी स्लिपच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि वर चौदाव्या मजल्याकडे बघितलं. "मग त्यांचाबी फेब्रुवारी ओढाताणीचाच जात आसंल की."