बिनबँकेचा गल्ला

फक्त कूटचलनात चालणारा धंदा सरकारच्या हाती लागत नाही, अशी अनेकांची श्रद्धा आहे. 2011मध्ये सुरू झालेल्या ‘सिल्क रोड’ या बाजारात तिची कसोटी लागली. माल बहुतांशी अमली, दाम फक्त बिटकॉइनमध्ये. बँक नाही, पावती नाही, मालकाला नाव नाही. देह मात्र होता, आणि देहाला बसायला खुर्ची लागते. 1 ऑक्टोबर 2013 रोजी हा मालक, रॉस उल्ब्रिक्ट, सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क ग्रंथालयात लॅपटॉप उघडून बसला असताना पाठीमागे एका जोडप्याचे भांडण जुंपले. त्याने मान वळवली आणि तेवढ्यात लॅपटॉप गेला. भांडणारे दोघेही सरकारी नोकर होते. बिटकॉइनची वहीही गुप्त नसते. खातेदारांची नावे तेवढी झाकलेली, बाकी नोंदी जगाला खुल्या. कुळकर्ण्याच्या दप्तरालाही एवढी चोख नोंद जमली नसती.

भारताने धरपकडीपेक्षा सोपा मार्ग काढला. 2022च्या अर्थसंकल्पाने कूटचलनातल्या नफ्यावर 30 टक्के कर बसवला आणि त्याला लॉटरी व घोड्यांच्या शर्यतींच्या पंगतीत आणले. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करण्याचीही सोय नाही. कायदेशीर चलनाचा दर्जा अर्थातच दिलेला नाही. पोरगं आपलं नाही, पण त्याची कमाई घरात यावी.

सिल्क रोडचे जप्त केलेले सुमारे 30 हजार बिटकॉइन अमेरिकी सरकारने जून 2014मध्ये लिलावात विकले. दाम डॉलरमध्ये घेतले.