वर्डच्या स्वागतपडद्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. स्टार्ट स्क्रीन,
मुक्काम वर्डचे दार

विषय: कोरा कागद मिळणेबाबत.

महोदय,

2013 च्या आवृत्तीत आपण रुजू झालात. त्याआधी वर्ड उघडले की थेट कोरे पान समोर येई आणि पहिले वाक्य सुचत नसल्याची लाज निमूट सोसावी लागे. आपण ती अडचण दूर केलीत. आता वाक्य सुचले नाही तरी निदान नमुने बघत बसता येते: रेझ्युमे, माहितीपत्रक, फ्लायर, कॅलेंडर. पाण्याची टाकी धुण्याची नोटीस लिहायला बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींपुढे आपण रेझ्युमे धरता, यामागे त्यांच्या भवितव्याची काळजीच असणार. मंगल कार्यालयाच्या दारातला अत्तरवाला सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही सोडत नाही, तसे आपले अगत्य.

परंपरा तशी जुनीच. वर्डस्टारही उघडताक्षणी मेनू दाखवी. पण तिथे डी दाबून फाइलचे नाव दिले की काम सुरू. तुम्ही फ्लायर का करत नाही, असे तो विचारत नसे.

तरीही काही कृतघ्न माणसे आपल्याला टाळतात. घाईतली एस्केप दाबून निसटतात. कायमचा बंदोबस्त करणारी विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, जनरल असे करत तळाशी पोचतात. तिथे स्टार्ट-अपच्या मथळ्याखाली एका चौकोनात एक टिकखूण आहे. ती काढली की आपली सेवा समाप्त. एवढे मोठे पद आणि आधार केवढासा!

मात्र आपण गेलात म्हणून सुख लागते असे नाही, हे आपल्या बाजूने नमूद करतो. आत आपले ज्येष्ठ सहकारी नॉर्मल डॉटएम बसलेले असतात. कोरे पान त्यांच्याच साच्यातून निघते, म्हणजे ते कोरे नसतेच. 2007 साली टाइम्स न्यू रोमन गेला, कॅलिब्री आला. 2023 पासून त्याच्याही जागी ॲप्टोस येऊ लागला. 2013 मध्ये ओळींतले अंतर 1.08 ठरले. जपमाळेचे मणी मोजून कुणी हा आकडा काढला असेल तर प्रश्नच मिटला. एरवी ओळी अशा हिशेबाने सोडणारा माणूस आमच्या पाहण्यात नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची तर दुहेरी सोय आहे. वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’; तिचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या रकान्यात. वरच्या रकान्यात 14 लिहिले की रोमन अक्षरे वाढतात, मराठी आपली होती तेवढीच. म्हणून कंट्रोल-डी दाबून फॉन्टच्या चौकटीतला खालचाही रकाना भरायचा, ‘सेट ॲज डिफॉल्ट’ म्हणायचे आणि फक्त याच फाइलपुरते की सगळ्यांसाठी, असे विचारले की सगळ्यांसाठी सांगायचे. एवढे एकदा केले की पुढचे प्रत्येक पान आपल्या मनासारखे उघडते. पण ते करतो कोण? फाइल उघडायची, सगळे सिलेक्ट करायचे, फॉन्ट बदलायचा, हा नित्यनेम किती कचेऱ्यांत श्रद्धेने चालू आहे!

शिवाय पुष्कळांना नवे पान नकोच असते. कालचे अर्धे राहिलेले पुरे करायचे असते. त्यांनी वर्डच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये, टार्गेटच्या अगदी शेवटी, अवतरणचिन्हाबाहेर एक जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच ‘एमफाइल1’ रोमन लिपीत टाकावे. मग शेवटची फाइलच उघडते, आणि शिफ्ट-एफ5 दाबला की कर्सर बहुधा काल हात थांबला होता तिथे जातो. ही सोय आपण दारात मांडलेल्या नमुन्यांत कुठे दिसली नाही. नजरचुकीने राहिली असावी.

सबब, आपण दारातून बाजूला व्हावे, ही विनंती. टिकखूण काढण्यात आली आहे.

कळावे,
आपला,
एक नोटीसलेखक

प्रत: नॉर्मल डॉटएम यांस माहितीसाठी. आपण ऐकेनासे झालात, तर ॲपडेटाच्या दडवलेल्या फोल्डरात येऊन आपले नाव बदलण्यात येईल. पुढच्या वेळी उघडताना वर्ड आपल्या जागी नवा इसम नेमून घेतो, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यात आम्ही बसवलेली घडीही मोडेल, पण इलाज नाही.